बंद गाडीतली बाई

बाईंना चालू गाडी चालवता येत नव्हती. कोहमाऱ्याच्या चौकात आजही कोणी त्यांचा विषय काढला की सुरुवात इथूनच होते. स्वतःची डिझेल पिकअप, टोचनचा धंदा, देवरीपर्यंत प्रत्येक ढाब्यावर ओळख, आणि मी स्टार्टर मारला की ही बाई दोन पावलं मागं सरकणार. पण तीच गाडी बंद पडलेली असू दे. मग चपला काढून आत चढायच्या, पदर कमरेला खोचायच्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चाल गा सांगोला. वढ."

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून आणणं. पुढं आमची पिकअप, मध्ये लोखंडी रॉड नाहीतर पट्टा, मागं बंद गाडी. त्या मागच्या गाडीत कोणीतरी बसावं लागतं. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. इतर ठिकाणी ज्याची गाडी तोच मागं बसतो. आमच्याकडं बाई बसायच्या. गाडीवाल्याला, त्याच्या बायकापोरांना पिकअपच्या केबिनमध्ये माझ्याशेजारी पाठवायच्या आणि स्वतः मागं. एरवी जाता-येतानाही त्या पिकअपच्या डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात बसायच्या, केबिनमध्ये नाही.

"जिती गाडी आपल्या मनाची रायते," त्या सांगायच्या. "बंद पडली का मंग माणसाचं आयकते."

सांगोला म्हणजे मी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं कुठला, मी गाव सांगितलं, तालुका सांगितला. त्यांनी तालुका तेवढा ठेवून घेतला. मी डाळिंबाचा टेम्पो घेऊन रायपूरला निघालो होतो, टेम्पो दुसऱ्याचा. नववीतच शाळा सोडलेली, लायसन सोडून दुसरा कागद जवळ नाही. कोहमाऱ्याच्या अलीकडं टेम्पोनं जीव सोडला. मालक फोनवर वाटेल ते बोलला, न्यायला दुसरा माणूस पाठवला आणि मला म्हणाला, तुझा तू ये. कसा येऊ आणि कुठल्या तोंडानं, हे मला कळत नव्हतं. टेम्पो टोचन करून बाईंनीच आणला होता. चौकातल्या चहाच्या टपरीशी मी खाली मान घालून बसलेला, तर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"जेवला का गा?"

"नाही."

"मंग उपाशीपोटी कायले रडून राहिला? आधी जेव, मंग रड."

ताटात भात, लाखोळीची डाळ आणि पुन्हा भात. मी भीत भीत विचारलं, भाकरी मिळेल का. त्या म्हणाल्या, "भाकर आमी बीमार माणसाले देतो. तू बीमार आहेस का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन. त्यांचा ड्रायव्हर तेव्हा नोकरी सोडून चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपची चावी माझ्या हातात होती आणि त्यांच्या घरामागची पत्र्याची खोली राहायला. माझ्याकडं बघून त्यांना काय वाटलं, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. विचारलं तर त्यांना चूक झाल्यासारखं वाटेल आणि चावी परत मागतील, असं भय मला पुढं कितीतरी दिवस होतं.

इकडं बायाही 'मी जातो, मी बसतो' असंच बोलतात. सुरुवातीला मला वाटायचं बाई माझी थट्टा करतात. आता मला तसंच बोलणं बरं वाटतं. गावाकडं फोन केला की आई म्हणते, तू 'करून राहिलो' काय म्हणतोस रे, कुणाचा झालास?

बाई पोवारांच्या घरच्या. धानाची शेती दिराकडं होती, त्यात त्या लक्ष घालत नसत. पिकअप त्यांच्या नवऱ्यानं घेतलेली, टोचनचा धंदा त्यानंच सुरू केलेला. तो गेल्यावर दिरानं गाडी विकायचा विषय काढला, तेव्हा बाई टायरला टेकून बसल्या आणि तिथंच जेवल्या म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण त्यांना ओळखणाऱ्याला खोटं वाटायचं नाही. नवऱ्याला त्या 'बुढा' म्हणायच्या, म्हातारा व्हायच्या आधीच गेला असला तरी.

बंद गाडीपाशी पोचलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. काय झालं, असं नाही विचारायच्या. विचारायच्या, "बंद पडायच्या आधी काय बोलली?" शिकलेली माणसं गोंधळायची. एक साहेब म्हणाले, "कोण, मिसेस?" बाई म्हणाल्या, "त्या तं अजून बोलूनच राहिल्या जी. गाडीचं विचारतो." मग तो माणूस आठवून सांगायचा, टक टक करत होती, शिट्टीसारखं वाजत होतं. बाई मान हलवायच्या, जणू पेशंटचं ऐकतात. त्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. दुरुस्ती त्यांचा विषय नव्हता. पण विचारल्यावाचून त्या गाडीला हात लावत नसत.

बंद गाडीची बॅटरीही बऱ्याचदा बसलेली असते, हॉर्न वाजत नाही. म्हणून त्यांच्याजवळ गाईच्या गळ्यातली पितळी घंटा होती. खिडकीतून हात बाहेर काढून ती वाजवायच्या, म्हणजे मी हळू व्हायचं. जोरात आणि सारखी वाजली तर थांबायचं. माझं गावंढळ डोकं बघा, पहिल्या दिवशी मी मागं गाय शोधत होतो.

नवरदेवाच्या गाडीची गोष्ट तर चौकातलं पोरगंही सांगेल. नागझिऱ्याच्या जंगलातल्या रस्त्यावर फुलांनी सजवलेली गाडी बंद पडली. मुहूर्त जवळ आलेला. बाईंनी नवरदेवाला माझ्याशेजारी बसवलं, करवली आणि दोन काका मागच्या डाल्यात उभे केले, आणि त्या झेंडूच्या माळांमागं स्वतः जाऊन बसल्या. मांडवापुढं पोचलो तर बँडवाल्यांनी सजवलेली गाडी बघून वाजवायला घेतलं. बाया आरत्या घेऊन धावल्या आणि दार उघडलं. आत अनवाणी पायाची, घामानं भिजलेली बाई, हातात घंटा. बाया जागच्या जागी थांबल्या.

"आता आल्याच आहात तं ओवाळा न बापा," बाई म्हणाल्या. "नवरदेव पुढच्या गाडीत आहे, तो कुठी पळत नाही."

एकीनं खरंच कुंकू लावून ओवाळलं. परत येताना बाईंनी कपाळावरचं ते कुंकू पुसलं नाही. 

आता आरशाचं सांगतो.

पिकअपच्या बाहेरच्या आरशात मला मागची गाडी दिसते, काचेमागं बसलेलं माणूस दिसतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की बाईंचं तोंड सारखं हलतंय. मला वाटलं मला शिव्या घालतात, वेग चुकला असेल, खड्डा चुकवला नसेल. पोचल्यावर मी घाबरत विचारायचो, "बाई, काही चुकलं का?" त्या म्हणायच्या, "तुले काऊन वाटून राहिलं?" असं बऱ्याचदा झालं. शेवटी टपरीवाल्यानं मला बाजूला घेतलं. तो बाईंना काकी म्हणायचा, त्यांच्या नवऱ्याच्या जुन्या दोस्ताचा पोरगा. म्हणाला, "तुले नाही बोलत ते. बुढ्यासंगं बोलते. चालू गाडीत इंजिनाचा आवाज रायते न, त्याच्यानं जमत नाही म्हणते. बंद गाडीत त्याचं आयकू येते तिले."

त्यानंतर आरशात बघताना माझी मान आपोआप वळायची. कोणाच्या घरात डोकावल्यासारखं व्हायचं. पण आरशात बघितल्याशिवाय टोचन होत नाही, त्यामुळं दिसायचंच. कधी त्या तावातावानं बोलायच्या, कधी मान वाकडी करून ऐकायच्या. एकदा तर हसून हसून डोळे पुसले आणि मला घंटा वाजवून थांबवलं, कारण पुढचं दिसेना. माझी मात्र एक गोष्ट झाली. मला गावाकडची आठवण यायची तेव्हा आरशातलं ते हलणारं तोंड बघून बरं वाटायचं. लांब असलेल्या माणसाशी बोलता येतं, एवढंच वाटायचं.

पिकअप चांगली होती, पण थंडीत तिचे हाल व्हायचे. गोंदियाची थंडी काय असते हे आमच्याकडच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सकाळी इंजिन पांढरा धूर सोडायचं, तापमानाचा काटा तळाशी चिकटलेला. अर्धा रस्ता ओढून आणलं तरी इंजिन गरम होत नव्हतं. डिझेल पीत होती, आणि इंजिनाचा आवाज दरवर्षी जास्त खडबडीत होत होता. मला कारण माहीत होतं. तिच्यात थर्मोस्टॅट नव्हता. गॅरेजवाले त्याला नुसतं वॉल म्हणतात. मुठीत मावेल एवढी पितळेची वस्तू, इंजिन थंड असलं की बंद राहते आणि पाणी आतच फिरू देते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडं सोडते. उन्हाळ्यात गाडी तापायला लागली की आपल्याकडचे बरेच मिस्त्री तो काढूनच टाकतात. कटकट गेली म्हणतात. उन्हाळा निघून जातो, पण इंजिन मग कायमचं थंड. माझी भीती साधी होती. हे इंजिन बसलं तर गाडी गेली, गाडी गेली तर बाईंचं दाणापाणी गेलं, आणि माझी पत्र्याची खोलीही गेली.

मी विषय काढला की बाई तोंड फिरवायच्या. एकदा मात्र त्यांनी सांगितलं. वॉल बुढ्यानं काढला होता, त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात. देवरीकडच्या चढावर गाडी उकळली, त्यानं जागेवर वॉल काढला, फडक्यात गुंडाळला आणि घरी बाईंच्या हातात दिला. म्हणाला, "जपून ठेव. थंडी लागली का लावून घेऊ." तेव्हा त्याचं पोट दुखायला लागलं होतं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, लावन कोण, तुमी तं उठून नाही राहिले. तो हसला आणि म्हणाला, "थंडीपर्यंत मी बी ठीक होऊन जातो. दोन्ही कामं थंडीत."

थंडी यायच्या आधीच तो गेला. फडक्यातला वॉल बाईंनी देवापाशी ठेवला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, मी बघितलंय. दुसऱ्या कोणी तो लावायचा नाही, आणि नवा तर नाहीच. "त्यानं म्हटलं होतं तो लावन," त्या म्हणाल्या. "मंग मी दुसऱ्याले कशी लावू देऊ?"  

मग त्या थंडीत एक कुटुंब आलं. कार बंद पडलेली, नवरा-बायको आणि अंगावरचं पोर. नवरा मागं डाल्यात बसला, बाई नेहमीप्रमाणं कारमध्ये, आणि ती पोरसवदा आई माझ्याशेजारी. तिनं विचारलं, "भैया, हीटर है क्या?" मी हीटर लावला. इंजिनच थंड, तर हवा गरम कुठून येणार? गार वारा पोराच्या तोंडावर आला आणि ते किंचाळलं. मी घाईनं बंद केला. कोहमाऱ्याला उतरलो तेव्हा पोर माझ्या जाकिटात गुंडाळलेलं आणि मी नुसत्या शर्टात दात वाजवत. बाईंनी पोराचे पाय हातात घेतले. बराच वेळ चोळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आल्या, हातात ते फडकं.

"लावून टाक," म्हणाल्या. "त्याच्या हातचं नाही तं नाही. पण लावशील तं हाच लावशील."

फडक्यातून वॉल काढला. कुंकवानं कडा लाल झालेल्या. मला फार आनंद झाला. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला घाबरायची सवय. जुना वॉल लावला आणि तो बंदच राहिला, तर इंजिन चढावर उकळेल, हेड जाईल, सगळंच जाईल. म्हणून मी म्हणालो, "बाई, लावायच्या आधी एकदा उकळत्या पाण्यात टाकून बघू. उघडतो की नाही कळेल."

"उघडन," त्या म्हणाल्या. "काऊन नाही उघडणार?"

आम्ही टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं चहाचा गंज, म्हणजे पातेलं, दोन्ही हातांनी धरला. "काकी, माया गंजात इंजिनचं सामान नोको टाकू जी! गिऱ्हाईक काय म्हणन?"

"म्हणन का आज चहाले चव आली," बाई म्हणाल्या. गंज त्यांनीच शेगडीवर ठेवला, पाणी ओतलं, आणि वॉल आत सोडला, हलक्या हातानं, लहान पोराला पाण्यात उतरवावं तसा.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. चौकातून ट्रक जात होते. पाणी आधी शांत, मग तळाशी बुडबुडे, मग वाफ. वॉल चांगला असला की इतक्यात त्याची मधली टिकली सरकायला लागते, फट पडते, डोळ्यांनी दिसते. पाणी खदखदायला लागलं. वॉल हलत होता, पण पाण्यानं हलत होता. टिकली जागची सरकली नाही.

"नाही उघडत काकी हा," टपरीवाला म्हणाला.

"थांब न गा. बुढा बी सकाळी लवकर उठत नोता."

पाणी आटायला लागलं तसं बाईंनी आणखी ओतलं. पुन्हा उकळलं. टपरीवाल्याची गिऱ्हाइकं येऊन थांबली, मग तीही वाकून बघायला लागली. एकानं विचारलं, "क्या बन रहा है?"  शेवटी बाईंनी सांडशीनं वॉल बाहेर काढला, पदरावर घेतला. चटका बसला असणार, पण त्यांनी हात हलवला नाही.

"ठेवून ठेवून बिघडला का हा?" त्यांनी विचारलं. "का आधीपासूनच असा होता?"

त्यांनी मला विचारलं होतं, टपरीवाल्याला नाही. मी वॉल बघितला. कुंकू उकळत्या पाण्यात धुऊन निघालं होतं. टिकलीच्या कडेला ओरखडे होते, खोल, जुने. स्क्रूड्रायव्हर घालून कोणीतरी ती उचकटायचा प्रयत्न केला होता. एकदा नव्हे, चारी बाजूंनी. हा वॉल त्या चढावरच मेला होता, आणि ज्यानं काढला त्यानं तो उघडतो का हे हर तऱ्हेनं बघितलं होतं. मी म्हणू शकलो असतो की ठेवून बिघडला, पितळ आहे, बिघडतं. मला माणसाला बरं वाटेल असं बोलता येतं. आयुष्यभर तेवढंच करत आलोय. पण गाडीच्या बाबतीत बाईंशी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि तोंडातून निघून गेलं, "आधीपासून, बाई. उचकटल्याच्या खुणा आहेत."

बाईंनी ओरखड्यांवर बोट फिरवलं.

"मंजे त्याले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "का हा काही लागत नाही आता."

मी शेगडी बारीक केली.

"तरी मले म्हणे थंडीत लावू."  चहा उतू जाईल म्हणून टपरीवाला दुसऱ्या शेगडीकडं वळला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मंग ते दुसरं बी माहीत असन त्याले."

ते दुसरं म्हणजे काय, हे मला तिथं उभं असताना कळलं नाही. घरी परतताना कळलं. दोन्ही कामं थंडीत, असं तो म्हणाला होता. वॉल लागणार नाही हे त्याला माहीत होतं, तर आपण उठणार नाही हेही माहीत असणार. इतकी वर्षं बाई समजत होत्या की त्यालाही आशा होती, दोघांची आशा एकत्रच मोडली. आता कळत होतं की त्या शेवटच्या दिवसांत आशा फक्त त्यांनाच होती. तो सगळं ठाऊक असून हसून बोलत होता.

नवा वॉल मी गोंदियातून आणला. दुकानदारानं नेहमीप्रमाणं विचारलं, "लगाना ही है क्या? सब तो निकलवाते हैं." त्याच संध्याकाळी बसवला. रेडिएटरचं पाणी टबात काढलं, वरचा पाईप सोडवला, बोल्ट खोलले. आतली जागा रिकामी होती, कडेला जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटलेले. ते मी पात्यानं खरवडून काढले. ते लावणारा हातही बुढ्याचाच असणार, हे खरवडताना लक्षात आलं आणि हात थांबला. मग खरवडलं. नवा वॉल बसवला, नवं पॅकिंग, बोल्ट एकसारखे आवळले, पाणी भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू ठेवलं. वरच्या पाईपवर हात ठेवून बसलो. कितीतरी वेळ पाईप गार. मग अचानक, एका दमात, गरम झाला. उघडला होता. काटा वर येऊन मधोमध थांबला. त्या गाडीत मी काटा पहिल्यांदाच मधोमध बघत होतो.

मी ओरडलो, "बाई, या! हात लावून बघा!"

त्या दारात उभ्या होत्या. "तू बघितलं न," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर केबिनमध्ये ऊब असायची. लोक हात चोळत बसायचे आणि थोड्या वेळानं स्वेटर काढायचे. इंजिनाचा आवाज नरमला. बाई पूर्वीसारख्याच मागं बसायच्या, चपला काढून, घंटा घेऊन. फक्त आरशात त्यांचं तोंड हलत नव्हतं. मी रोज बघायचो. ओठ मिटलेले, नजर रस्त्यावर. एखाद्या साध्या ड्रायव्हरसारख्या बसायच्या. बंद पडायच्या आधी गाडी काय बोलली, हेही विचारायचं बंद झालं. मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, त्यांनी तुम्हाला त्रास नको म्हणून सांगितलं नसेल."

"मंग तरास कोणाले झाला?" त्या म्हणाल्या. "त्याले एकट्याले मरावं लागलं. मी बाजूले बसून भात चारून राहिलो होतो, आन् तो एकटा होता." नंतर म्हणाल्या, "सांगितलं असतं तं मी संगं राहिलो असतो न गा."



पुढच्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे गेले. बंद गाडीचा ब्रेक दाबवेना. बोदलकशाच्या तलावाजवळ त्यांची मुलगी दिलेली होती, ती येऊन म्हणाली, आता माझ्याकडं चल. गाडी बाईंनी माझ्याकडं ठेवली. "विकू नोको," एवढीच अट. मीच त्यांना सोडायला गेलो. त्या दिवशी त्या पहिल्यांदा पुढं माझ्याशेजारी बसल्या, चालू गाडीत, दाराची कडी घट्ट धरून. मुलीच्या अंगणात उतरवलं, बोचकी ठेवली, पाया पडलो. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थंडीत येतो भेटायला."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"येशील तं म्हण," त्या म्हणाल्या. "नाही येत तं आत्ताच सांग. मी राग नाही करणार."

"येतो, बाई. खरंच येतो."

आणि मी गेलो. थंडी पडल्याबरोबर, टोचनची दोन कामं नाकारून गेलो. मुलगी दारातच तक्रार करायला लागली. "आता तुमीच समजवा बाईले. घरात बसतच नाही. पहाटपासून त्या भंगारात जाऊन बसते."

अंगणाच्या कडेला जावयाची जुनी जीप होती, चाकं काढलेली, विटांवर चढवलेली. टपावर कोंबड्या. आत बाई, स्टिअरिंगवर दोन्ही हात. चपला खाली जोडीनं ठेवलेल्या. आणि लांबूनच मला दिसलं, तोंड हलत होतं.

मी पाऊल न वाजवता जवळ गेलो. बुढ्याशी बोलताना त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. पोवारी, त्यांच्या घरची बोली, बोलत होत्या. मला ती अर्धीमुर्धीच कळते. मला बघून थांबल्या नाहीत, वाक्य पुरं केलं, मग शेजारच्या सीटवरची कोंबडी हाकलली.

"बस. दार लावून घे, आवाज येऊन राहिला बाहेरचा."

मी बसलो. सीटमधून गवत निघालं होतं.

"काय बोलत होता, बाई?"

"त्याले सांगून राहिलो. का हा सांगोला थंडीत येतो म्हणे, आन् पाह्य, खरंच आला." मग समोरच्या फुटक्या काचेतून बघत म्हणाल्या, "बहुत दिवस नाही बोललो त्याच्यासंगं. पूर्ण थंडी, पूर्ण उनाळा. एकट्यालेच ठेवलं पुन्हा."

 तलावाकडून वारा येत होता. निघायच्या वेळी त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "वढतो का हिले? बोदलकशापासून कोहमाऱ्यापर्यंत. एक बार. मी धरतो इस्टेरिंग."

मला खोटं बोलायचं नव्हतं. निदान त्यांच्याशी नाही. मी म्हणालो, "नाही जमणार, बाई. हिला चाकं नाहीत."

त्यांनी खाली वाकून बघितलं, जणू आत्ताच कळलं. आणि खूश झाल्या. खरंच खूश झाल्या. माझ्या पाठीवर थाप मारली. "हां. असं सांगत जा. नाही तं नाही."

परतताना मला फार बरं वाटत होतं. एकदा तरी सरळ उत्तर दिलं, त्यांनाही ते आवडलं, या समाधानात मी कोहमाऱ्याला पोचलो. होळीच्या आधी बाई गेल्या. मुलीनं सांगितलं, जीपमध्येच होत्या. दुपारी जेवायला हाक मारली तर उठल्या नाहीत.

मी अजून तीच पिकअप चालवतो. काटा मधोमध असतो. आता मागं ज्याची गाडी तोच बसतो, बहुतेक फोनवर बोलत. चौकातून वळताना भंगारवाल्याचं दुकान लागतं. तिथं कुंपणाला टेकून कुठल्यातरी जुन्या जीपांची चाकं उभी असतात, टायरसकट, पावसात, उन्हात. चारच तर लागली असती. पिकअपमध्ये टाकून नेली असती, जॅक माझ्याकडं होताच, अर्ध्या दिवसाचं काम. त्या दिवशी मी खरं बोललो होतो. चाकं नव्हती. पण चाकं बसवता येतात, हे मला सुचलंच नाही, आणि बाईंनाही कोणी सांगितलं नाही.